सर्व्हर मुंबईत, खोळंबा रत्नागिरीत

रत्नागिरी जिल्ह्यातील तहसील कचेरी असो, रास्त भावाचे धान्य दुकान असो, की महाविद्यालयाचे कार्यालय असो; गेल्या काही वर्षांत तेथे एक वाक्य सर्वतोमुखी झाले आहे. पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे वाक्य जे कार्य करीत असे, तेच आता ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य करते. सातबाऱ्याचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, शिधापत्रिकेवरचे धान्य, सारे काही या तीन शब्दांपाशी येऊन थबकते. मंडणगड किंवा राजापूर तालुक्यातील एखाद्या वाडीवरून दोन एस. टी. गाड्या बदलून आलेला मनुष्य ते वाक्य ऐकतो आणि माघारी फिरतो. त्याचा वाया गेलेला दिवस कोणत्याही वहीत नोंदला जात नाही.

या दोन वाक्यांत एक साम्य आहे. साहेब केव्हा परततील हे शिपायाला ठाऊक नसे. सर्व्हर केव्हा सुरू होईल हे कारकुनाला ठाऊक नसते. दोघेही निरपराध. परंतु एक फरकही आहे. साहेब दौऱ्यावर असले तर ‘मग चार्ज कोणाकडे आहे?’ असे विचारण्याची सोय असे. सर्व्हरच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. वस्तुतः विचारण्याजोगा प्रश्न तेवढा एकच आहे, आणि संगणकशास्त्राने त्याचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वी शोधलेलेही आहे.

अमेरिकेत १९७४ साली टँडेम नावाची कंपनी स्थापन झाली ती याच एका कल्पनेवर. कोणतेही यंत्र केव्हा ना केव्हा बंद पडणारच. तेव्हा न बिघडणारे यंत्र घडविण्याच्या मागे न लागता, एक बिघडले तर दुसऱ्याने त्याच क्षणी काम उचलावे अशी जोडी घडवावी, ही ती कल्पना. १९७६ साली कंपनीने विकलेल्या पहिल्या संगणकाचे नावच ‘नॉनस्टॉप’ होते आणि त्याची पहिली गिऱ्हाईक एक बँक होती. १९८३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अनेक संगणकांचा समूह बांधून तो बाहेरून एकच संगणक भासावा अशी ‘व्हॅक्सक्लस्टर’ ही रचना बाजारात आणली. आपल्याकडील रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ १९८५-८६ मध्ये दिल्लीत झाला तो याच घराण्यातील यंत्रांवर. अशा समूहाला ‘क्लस्टर’ म्हणतात, आणि एका यंत्राचे काम दुसऱ्याने उचलण्याला ‘फेलओव्हर’. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर हे चार्ज घेणेच होय.

कोकणातील शिक्षकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण एकशिक्षकी शाळा त्यांनी पाहिलेली आहे. गुरुजी तापाने आडवे झाले की शाळेला कुलूप. दुसरा शिक्षक मिळाला की कुलूप टळते, हे खरे. पण तेवढ्याने शिकवणे चालू राहते असे नाही. चौथीची बेरीज-वजाबाकी कोठवर आली, हजेरीपट कोठे आहे, पोषण आहाराच्या कोठीची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे दुसऱ्याला माहीत असेल तरच त्याच्या असण्याला अर्थ. संगणकांचेही तसेच. राखीव यंत्र विकत घेणे हा सर्वांत सोपा भाग आहे. मुख्य यंत्रावर होणारी प्रत्येक नोंद त्याच क्षणी, किंवा फार तर काही क्षणांनी, राखीव यंत्राकडेही पोचत राहिली पाहिजे. नाही तर चार्ज घेणारा रिकाम्या कपाटापुढे उभा राहतो.

चार्ज कोणी घ्यायचा?

खरी अडचण याच्याही पुढची आहे. आपला जोडीदार मेला हे राखीव यंत्राने ओळखायचे कसे? त्यासाठी ही यंत्रे एकमेकांना दर सेकंद-दोन सेकंदांनी ‘मी आहे’ असा संदेश पाठवीत असतात. त्याला हृदयाच्या ठोक्याची उपमा देऊन ‘हार्टबीट’ असेच नाव पडले आहे. ठोके थांबले की दुसरे यंत्र कारभार हाती घेते. ऐकायला हे सुबोध वाटते; परंतु ठोके ऐकू न येण्याची कारणे दोन असू शकतात. जोडीदार खरोखरच बंद पडला असेल, किंवा तो धडधाकट असून मधली तार तेवढी तुटली असेल. राखीव यंत्राला या दोहोंतील फरक कळत नाही.

हा फरक न कळल्याने काय अनर्थ ओढवतो, हे गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या उदाहरणावरून समजेल. कोकणकन्या एक्सप्रेसमधील एकच शायिका शिल्लक आहे, असे समजा. तार तुटल्यामुळे दोन्ही यंत्रांनी स्वतःलाच मुख्य मानले आणि दोघांनीही तिकीटविक्री चालू ठेवली, तर एकाच शायिकेची दोन तिकिटे निघतील. दोन्ही छापील, दोन्ही पैसे भरून घेतलेली, आणि यंत्रांच्या हिशेबी दोन्ही खरी! समूहाचा मेंदू दुभंगला, असे तज्ज्ञ याला म्हणतात. बँकेच्या खात्यात किंवा फेरफाराच्या नोंदवहीत असे घडले तर त्याचे परिणाम शायिकेच्या भांडणाहून किती तरी गंभीर होतील. सेवा बंद राहण्यापेक्षा चुकीची चालू राहणे वाईट, असे या क्षेत्रातील जाणते मानतात ते यामुळेच.

यावर काढलेला तोडगा सभा-संमेलनांत वावरणाऱ्यांना ओळखीचा वाटेल. तो म्हणजे गणपूर्ती. समूहात यंत्रांची संख्या विषम ठेवायची, निदान तिसरे एक साक्षीदार यंत्र ठेवायचे, आणि ज्या गटाकडे बहुमत असेल त्यानेच कारभार करायचा. अल्पमतात सापडलेले यंत्र, ते कितीही ठणठणीत असो, आपणहून काम थांबवते. ग्रामपंचायतीची तहकूब सभा आणि संगणकांचा समूह यांच्यात असे नाते असेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही!

आणखी एक गोष्ट हिशेबतपासनिसांच्या डोळ्यांना नेहमी खुपते. राखीव यंत्र बव्हंशी रिकामे बसलेले असते. म्हणून दोन्ही यंत्रांना कामाला जुंपण्याचा मोह होतो. तो रास्तही आहे. मात्र दोन्ही यंत्रे शेकडा ७० भाराने चालत असतील आणि एक पडले, तर उरलेल्यावर १४० भार येतो आणि तेही कोसळते. मग जोडी असून नसल्यासारखी. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५ मध्ये प्रथमच सबंध राज्याला लागू झाली, आणि २१ मे रोजी, पहिल्याच दिवशी, तिचे संकेतस्थळ कोलमडले. नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. त्या दिवशी यंत्रे किती होती, यापेक्षा लाखो मुले एकाच सकाळी येणार हे आधीपासून ठाऊक होते, ही बाब अधिक महत्त्वाची. ज्या गर्दीची तारीख शासनच जाहीर करते, त्या गर्दीला अनपेक्षित कसे म्हणावे?

दोन तारा, एकच चर

यंत्रे, पैसा आणि तज्ज्ञ यांपैकी कशाचीही वाण नसताना काय होऊ शकते, याचा धडा २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत मिळाला. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार त्या दिवशी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले ते दुपारी पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले. देशातील सर्वांत मोठा शेअर बाजार चार तास बंद, आणि शेजारचा मुंबई शेअर बाजार मात्र चालू. ज्यांचे सौदे अर्धवट अडकले, त्यांना काही काळ दिशाच कळेना. अखेर व्यवहाराची वेळ सायंकाळी पाचपर्यंत वाढवावी लागली.

या संस्थेकडे काय नव्हते? वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्य केंद्र होते, कुर्ल्याला जवळचे राखीव केंद्र होते, चेन्नईला दूरचे आपत्कालीन केंद्र होते. दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांकडून अनेक जोडण्या घेतलेल्या होत्या. तरीही दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या एकाच सुमारास ढासळल्या. महापे ते कुर्ला या रस्त्यालगत चाललेल्या खोदकाम-बांधकामाने असे झाल्याचे त्या कंपन्यांनी कळविले. कागदावर दोन कंपन्या, दोन करार, दोन देयके. जमिनीखाली मात्र दोघींचे दैव एकाच रस्त्याला बांधलेले. त्यातच माहिती साठविणारी यंत्रणा दुवा तुटल्यावर अपेक्षेप्रमाणे वागली नाही, आणि सौद्यांतील जोखमीवर लक्ष ठेवणारी व्यवस्था बंद पडली. चेन्नईचे केंद्र तयार असून कारभार तिकडे हलविला गेला नाही, ही गोष्ट सर्वांत अधिक बोलकी आहे. दूरच्या केंद्राकडे कारभार नेणे म्हणजे बटण दाबणे नसते. कोणा एका जबाबदार माणसाने ‘आता मुख्य केंद्राचा भरवसा सोडा’ असे म्हणावे लागते. ते म्हणण्यास माणसे कचरतात; आणखी दहा मिनिटांत दुरुस्ती होईल या आशेवर चार तास जातात.

त्यानंतर ‘सेबी’ने उचललेले पाऊल म्हणूनच अभ्यासण्याजोगे आहे. मार्च २०२१ मध्ये तिने नियम केला, की महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास अर्ध्या तासाच्या आत ती आपत्ती म्हणून जाहीर करावी आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत कारभार आपत्कालीन केंद्राकडे न्यावा. नव्या यंत्रांच्या खरेदीपेक्षा हा नियम मोलाचा होता. त्याने माणसाच्या हातातील ‘थांबून पाहू’ हे साधन काढून घेतले. पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजार मुद्दाम उघडण्यात आले, आणि दिवसाच्या मध्येच मुख्य केंद्राकडून आपत्कालीन केंद्राकडे कारभार नेऊन खरेखुरे सौदे करण्यात आले. चार्ज देण्याची ही जाहीर रंगीत तालीम होती.

तालमीला इतके महत्त्व का, याचे उत्तर जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्येच देऊन ठेवले आहे. ‘टँडेम’मध्ये काम करीत असताना त्याने अशा जोडयंत्रांच्या बंद पडण्याची कारणे तपासली. यंत्रांच्या भागांतील बिघाडाचा वाटा शेकडा १८ निघाला, आज्ञावलीतील दोषांचा २५, तर देखरेख व हाताळणी करणाऱ्या माणसांशी निगडित कारणांचा ४२. यंत्रे दुहेरी करून यंत्रांचा प्रश्न पुष्कळसा सुटला होता. उरला तो माणसांचा आणि आज्ञावलीचा. त्यापैकी आज्ञावलीचा प्रश्न किती अक्राळविक्राळ होऊ शकतो, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने धाडलेल्या एका सदोष सुधारणेने सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. मुख्य आणि राखीव दोन्ही यंत्रांवर तोच दोष एकाच वेळी पोचला असेल, तर जोडीचा उपयोग काय? भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले, आणि त्यांवर विमाने उडाली. या हाताने लिहिलेल्या पासाची आठवण पुढे कामी येईल.

खिडकीवरचे मोजमाप

आता पुन्हा रत्नागिरीकडे वळावे. येथील नागरिकाला लागणारे सर्व्हर रत्नागिरीत नाहीत. ते मुंबईत किंवा त्याहून दूर आहेत. त्यांची उपलब्धता वर्षाकाठी शेकडा ९९.९ असावी, ९९.९९ असावी, असे करार होतात. पहिल्या आकड्याचा अर्थ वर्षातून पावणेनऊ तास बंद, दुसऱ्याचा अर्थ सुमारे ५३ मिनिटे बंद. हे आकडे खरे मानले, तरी ते सर्व्हरच्या दाराशी मोजलेले असतात. दापोलीच्या कारकुनाच्या खिडकीशी ते कोणी मोजलेले नाहीत. समजा, सर्व्हर ९९.९९ टक्के चालू आहे, परंतु खिडकीपर्यंत येणारी एकुलती एक तार ९५ टक्केच चालते. मग खिडकीवरची उपलब्धता ९५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. वर्षातून अठरा दिवस काम बंद. मुंबईत आणखी दहा यंत्रे बसवली तरी हे अठरा दिवस कमी होणार नाहीत. याउलट तेवढ्याच बेभरवशाची दुसरी तार आणली आणि दोघींचे बिघाड परस्परांशी निगडित नसले, तर अठरा दिवसांचे बावीस तास होतात. गणित इतके साधे आहे. अट मात्र कडक आहे: दोघी एकाच चरातून जाता कामा नयेत. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात वर्षानुवर्षे चाललेले खोदकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या अटीचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

कोकण रेल्वे या अटीचे चालतेबोलते उदाहरण आहे. १४ जुलै २०२४ रोजी खेड तालुक्यात दिवाणखवटी बोगद्याजवळ दरड कोसळली आणि हा बहुतांशी एकेरी मार्ग सुमारे दिवसभर बंद राहिला. काही गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे मडगावकडे वळविण्यात आल्या. रेल्वेच्या दृष्टीने हे उत्तम फेलओव्हर झाले. गाडी मडगावला पोचली. रत्नागिरीच्या फलाटावर उभा असलेला प्रवासी मात्र फलाटावरच राहिला. मिरजेवरून जाणाऱ्या गाडीचा त्याला काय उपयोग? राज्याच्या संगणकीय सेवांचेही पुष्कळदा असेच होते. सेवा चालू राहते, ती रत्नागिरीला वळसा घालून.

निसर्गाने ही गोष्ट दोनदा ठसठशीतपणे दाखवून दिली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, आणि दापोली व मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब उन्मळून पडले. कित्येक गावे अनेक दिवस विजेवाचून आणि मोबाइलवाचून राहिली. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. वीज गेली, फोन मुके झाले. १८६४ साली स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदा २००५ प्रमाणेच याही पुरात भिजली. ज्या पुस्तकांची दुसरी प्रत कोठेच नव्हती, ती कायमची गेली. त्याच पुरात सातबाऱ्याची संगणकीय नोंद मात्र वाहून गेली नाही, कारण ती शहराबाहेर दूर राज्याच्या माहिती केंद्रात होती. दूरच्या प्रतीचे हे श्रेय मान्य केलेच पाहिजे. तथापि प्रत सुरक्षित असणे आणि ती हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचनामा, मदतीचा अर्ज, बँकेतले चार पैसे यांची सर्वांत जास्त निकड ज्या आठवड्यात होती, त्याच आठवड्यात मुंबईतला ठणठणीत सर्व्हर चिपळूणकरांच्या दृष्टीने असून नसल्यासारखा होता.

मग करावे काय? दुर्गम गावापर्यंत सर्वत्र दुहेरी तारा ओढणे परवडणार नाही, असे म्हटले जाईल, आणि त्यात तथ्य आहे. परंतु जिल्ह्याची नऊ तालुका मुख्यालये काही असंख्य नव्हेत. त्यांची एक जोडणी महामार्गाच्या बाजूने येत असेल, तर दुसरी आंबा किंवा कुंभार्ली घाटातून अथवा उपग्रहामार्फत यावी, आणि ती खरोखर वेगळ्या वाटेने येते की नाही हे देयक पाहून नव्हे तर रस्त्याने चालत जाऊन तपासावे. मोबाइल मनोऱ्याची बॅटरी किती तास टिकते, हे जूनमध्ये नव्हे, मेमध्ये पाहावे. याला लागणारा खर्च मोठा असला तरी मोजता येण्याजोगा आहे.

ज्याला जवळजवळ काहीच खर्च नाही, असा उपाय मात्र नियमाचा आहे, आणि त्याची टाळाटाळ सर्वांत अधिक होते. शेअर दलालांसाठी अर्ध्या तासात आपत्ती जाहीर होऊ शकते, तर तहसील कचेरीच्या खिडकीसाठी का नाही? ठरावीक वेळ सेवा बंद राहिली की तसे जाहीर करण्याचा अधिकार आणि कर्तव्य जिल्ह्यातील एका अधिकाऱ्याकडे असावे. जाहीर होताच कागदी नोंदवही उघडावी. अर्जदाराला क्रमांक, तारीख आणि वेळ घातलेली पोच मिळावी. आणि मुदत गाठल्याचा पुरावा म्हणून ती पोच ग्राह्य धरावी. विमान जर हस्तलिखित पासावर उडू शकते, तर शिष्यवृत्तीचा अर्ज हस्तलिखित पोचीवर का टिकू नये? आज अंतिम तारखेला खिडकी बंद पडली तर मुदतवाढ मिळेल की नाही, हे मंत्रालयातील परिपत्रकावर अवलंबून असते. परिपत्रक येते ते राज्यभर ओरड झाली तरच. एकट्या लांजा तालुक्याची तार तुटली, तर कोण ओरडणार आणि कोण ऐकणार? यंत्राच्या बिघाडाचा भार अशा रीतीने अठरा वर्षांच्या मुलावर पडतो, आणि त्याने ‘वेळेत अर्ज केला नाही’ असा शेरा मात्र कायम राहतो.

अशा नोंदवहीने भ्रष्टाचाराला पुन्हा वाट मिळेल, असा आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संगणक आले ते काही अंशी या वह्यांच्या जाचातून सुटण्यासाठीच. म्हणून वहीतील प्रत्येक नोंद सेवा सुरू होताच त्याच क्रमाने संगणकावर चढली पाहिजे आणि वहीची पाने आधीपासून क्रमांकित असली पाहिजेत. यंत्रांचे समूहही हेच करतात. तुटलेला जोडीदार परतला की तो थेट कारभाराला लागत नाही; मधल्या काळात झालेल्या नोंदी आधी क्रमाने उतरवून घेतो आणि मगच रांगेत उभा राहतो.

पावसाळ्यापूर्वी जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापनाच्या आढावा बैठका होतात. दरडप्रवण गावे, बोटी, दोर, औषधे, धान्यसाठा यांची चर्चा होते. याच मे महिन्यातील एखाद्या शनिवारी एका तालुका कचेरीची मुख्य तार मुद्दाम काढून ठेवावी, खिडकीपुढे पाच-पन्नास माणसे खरीखुरी कामे घेऊन उभी करावीत, आणि दुसरी वाट किती मिनिटांत सुरू होते, न झाल्यास पोच देण्याची वही कोणाच्या कपाटात आहे आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे घड्याळ लावून पाहावे.